काळी वाळू तपासायला देण्याआधी एवढं वाचा

सोनं धुऊन झाल्यावर परातीच्या तळाशी जी जड काळी वाळू उरते, ती तपासायला आमच्याकडे घेऊन येणारे बहुतेक जण एकच म्हणतात, "झवेरी बाजारात दागिन्याचा कस बघायला एक्स-रे मशीन मारतात तसं मारा ना, दोन मिनिटांचं काम." मशीन आमच्याकडेही आहे. पण ते मूलद्रव्य दाखवतं, खनिज नाही. टायटॅनियम दिसलं, तर ते रुटाइल किंवा इल्मेनाइट या टायटॅनियमच्या खनिजांचं, की मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या कणातच मुरलेलं, हे त्याला कळत नाही. भाव तर त्यावरच ठरतो. म्हणून आम्ही आधी वाळू वेगवेगळी करतो आणि मग मशीन लावतो. चार दिवस लागतात ते त्यामुळे.

खरा घोळ होतो तो चुंबकापायी. घरीच चुंबक फिरवायचं, चिकटेल ते "लोखंड" म्हणून फेकायचं आणि उरलेलं पुडीत बांधून आणायचं! जुन्या हार्ड डिस्कमधलं चुंबक फार जोरकस असतं. मॅग्नेटाइटबरोबर ते इल्मेनाइट आणि गार्नेट नावाचं खनिजही ओढतं. वाळू ओली असली की त्या झुपक्यात बारीक सोनंही अडकून जातं. नदीतल्या प्लॅटिनममध्ये पुष्कळदा लोह असतं, तेही चिकटतं. एका गिऱ्हाइकाने अशी चुंबक फिरवलेली वाळू सुवर्णरेखेकाठून आणली. फेकलेलं वेचायला आता परत झारखंडला कोण जाणार?

तेव्हा काहीही फेकू नका. वेगळं केलंच असेल तर दोन्ही पुड्या आणा, आणि मूळ माती किती धुतली तेही लिहा. वाळू उन्हात वाळवा, गॅसवर भाजू नका. भाजल्यावर इल्मेनाइटचं चुंबकत्व बदलतं. पारा लावला असेल तर आधी सांगा, लपवू नका. भट्टीत त्याची विषारी वाफ होते, आणि पुढे आमची माणसं उभी असतात.

हौस असेल तर कथिलाची परीक्षा घरी होते. जुन्या सेलचं जस्ताचं कवच कापून घ्या, त्यावर जड तपकिरी कण ठेवा आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. कॅसिटेराइट, म्हणजे कथिलाचं खनिज, असेल तर कणावर राखाडी कथील चढतं. खिडकी उघडी ठेवा. शीलाइट या टंगस्टनच्या खनिजासाठी मात्र नोटा तपासायचा अतिनील दिवा चालत नाही. आखूड लहरींचा लागतो, त्याखाली ते निळसर पांढरं चमकतं आणि झिरकॉन हे खनिज पिवळट नारिंगी. तो दिवा दुकानात आहे, समोर उभं राहून बघा, त्याचे पैसे घेत नाही.

मोनाझाइट हे खनिज निघालं तर रिपोर्टात लिहितोच. त्यात थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, त्याचा साठा-व्यवहार अणुऊर्जा खात्याच्या नियमांत येतो. त्याला गिऱ्हाईक शोधून द्या म्हणू नका.

नमुना किमान अर्धा किलो, कोरडा. चिमूटभर आणलात तरी मजुरी तीच पडते.