लीन बांधकाम

लीन बांधकाम : कारखान्यातील लीन उत्पादनाची (अपव्यय टाळून ग्राहकाला हवे ते मूल्य देणाऱ्या उत्पादनाची) तत्त्वे बांधकाम प्रकल्पांच्या व्यवस्थापनास लागू करणारी विचारसरणी व कार्यपद्धती. तिचे मूळ टोयोटा कंपनीत ताइइची ओहनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर विकसित केलेल्या उत्पादनपद्धतीत आहे. ‘लीन’ हे विशेषण तिला जॉन क्राफसिक यांच्या १९८८ मधील लेखापासून चिकटले.

या शाखेचा आरंभ सामान्यतः फिनिश संशोधक लौरी कोस्केला यांच्या १९९२ मधील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तांत्रिक अहवालापासून धरतात. ‘लीन बांधकाम’ हे नाव १९९३ मध्ये फिनलंडमधील एस्पो येथील परिषदेपासून रूढ झाले. मात्र कोस्केला यांचा भर उत्पादनाच्या सिद्धांतावर होता, तर अमेरिकी अभ्यासक ग्लेन बॅलार्ड व ग्रेगरी हॉवेल हे साधारण त्याच सुमारास साइटवरील नियोजन का फसते याचा शोध घेत होते. त्यामुळे एकच उगम मानण्यापेक्षा पुढे एकत्र आलेले दोन प्रवाह मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

कोस्केला यांच्या मते बांधकामाकडे केवळ सुट्या कामांची बेरीज म्हणून पाहिल्याने कामांमधील प्रवाह आणि ग्राहकाला मिळणारे मूल्य या दोन्ही बाजू दुर्लक्षित राहतात. साइटवरील कोणतेही काम सुरू होण्यास आराखडे, साहित्य, मजूर, यंत्रसामग्री, मोकळी जागा, आधीची कामे आणि हवामानासारखी बाह्य परिस्थिती अशा सात गोष्टी जुळाव्या लागतात. प्रत्येक गोष्ट वेळेवर जुळण्याची शक्यता ९५ टक्के धरली आणि त्या परस्परांवर अवलंबून नाहीत असे मानले, तरी सातही एकाच वेळी जुळण्याची शक्यता जेमतेम ७० टक्के उरते. भिंतीतील वीजनळ्या बसण्याआधीच गिलावा सुरू केल्यास तो पुन्हा फोडावा लागतो. अपुऱ्या तयारीनिशी काम रेटण्याच्या या सवयीला कोस्केला यांनी २००४ मध्ये, ओहनो यांनी सांगितलेल्या सात प्रकारांना जोडून, अपव्ययाचा आठवा प्रकार ठरविले.

बॅलार्ड यांच्या ‘लास्ट प्लॅनर’ (अखेरचा नियोजक) पद्धतीचा रोख याच दोषावर आहे. पुढील काही आठवड्यांच्या, बहुधा सहा आठवड्यांच्या, कामांतील अडथळे आधीच हेरून दूर केले जातात आणि साप्ताहिक बैठकीत काम करवून घेणारा मुकादम किंवा पर्यवेक्षक स्वतः जे शक्य आहे तेवढ्याचाच शब्द देतो. तयारी अपुरी असल्यास नकार देण्याची मुभा त्याला असते. आठवड्याअखेर दिलेल्या शब्दांपैकी किती पूर्ण झाले याची टक्केवारी काढतात. दहापैकी सात कामे पुरी झाली आणि दोन जवळजवळ झाली, तरी आकडा ७० टक्केच, कारण अर्धवट काम पुढच्या तुकडीला जागा देत नाही. अपूर्ण कामांची कारणेही नोंदली जातात. या पद्धतीचे खरे बळ त्या नोंदीत आहे, परंतु व्यवहारात तिचीच हेळसांड होते.

बॅलार्ड व हॉवेल यांनी १९९७ मध्ये लीन कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूट स्थापन केली. ब्रिटनमध्ये तेथील बांधकाम उद्योगाविषयीच्या १९९८ च्या ईगन अहवालाने या विचाराला बळ दिले. स्टुअर्ट ग्रीन यांच्यासारख्या टीकाकारांनी कामगारांवर वाढणाऱ्या ताणाकडे लक्ष वेधले आहे. टक्केवारीविषयीचा आक्षेप अधिक तांत्रिक आहे : ती नियोजनाची विश्वासार्हता मोजते, प्रगती नव्हे, आणि मोजकेच शब्द देऊन ती सहज फुगविता येते.