वापरलेल्या वॉकीटॉकीचा वारंवारता पट्टा ओळखणे

हातात धरायचा दुतर्फी रेडिओ जुन्या बाजारातून, ओळखीतून किंवा भंगारातून आला की तो नेमका कोणत्या वारंवारतांवर चालतो हे शोधून काढण्याची पद्धत. कोकण किनाऱ्यावर अशा रेडिओला वॉकीटॉकी, वायरलेस किंवा नुसतेच ‘सेट’ म्हणतात. सेट चालू झाला, दिवा लागला, खरखर ऐकू आली, एवढ्यावर बहुतेक खरेदी होते. पण दोन सेट दिसायला सारखे असूनही एकमेकांशी कधीच बोलू शकणार नाहीत, असे सहज घडते.

यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. सेटचा मूळ पट्टा, म्हणजे आतले सर्किट जिथून जिथपर्यंत काम करू शकते ती मर्यादा, कारखान्यातच ठरते. त्या पट्ट्यात कोणती चॅनेल, म्हणजे बोलण्यासाठी नेमून ठेवलेल्या वारंवारता, भरली आहेत हे आधीच्या मालकाने ठरवलेले असते. आणि त्या चॅनेलवर बोलण्याचा परवाना आपल्याकडे आहे का, हा तिसरा, सर्वस्वी निराळा प्रश्न. चॅनेल संगणकाला जोडून बदलता येतात. मूळ पट्टा तसा बदलता येत नाही.

व्यावसायिक सेट मुख्यतः दोन पट्ट्यांचे असतात. व्हीएचएफ, म्हणजे खालच्या वारंवारतांचे सेट साधारण १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ, तर यूएचएफ, म्हणजे वरच्या वारंवारतांचे सेट ४०० ते ४७० किंवा ४५० ते ५१२ मेगाहर्ट्झच्या आसपास. समुद्रावरचे बोलणे व्हीएचएफवर, १५६ ते १६२ मेगाहर्ट्झच्या दरम्यान चालते. संकटात हाक द्यायचे चॅनेल १६ म्हणजे १५६.८०० मेगाहर्ट्झ. तटरक्षक दल आणि जाणारी-येणारी जहाजे तेच ऐकत असतात. त्यामुळे मिरकरवाडा, हर्णै किंवा देवगडच्या बंदरातून निघणाऱ्या बोटीवर यूएचएफ सेट असेल, तर त्यावरून कितीही ओरडले तरी चॅनेल १६ वर काहीही पोचणार नाही.

इथली सर्वात मोठी फसगत होते ती जहाजांवरून उतरलेल्या सेटमुळे. मुंबईच्या दारूखान्यात आणि गुजरातेत अलंगला जहाजे मोडली जातात. त्यांच्यातले सामान पुढे विकले जाते. मोठ्या जहाजाच्या डेकवर खलाशी आपसात बोलायला जे सेट वापरतात ते बहुधा यूएचएफ असतात. त्यासाठी ४५७.५२५, ४५७.५५०, ४५७.५७५ आणि ४६७.५२५, ४६७.५५०, ४६७.५७५ मेगाहर्ट्झ या वारंवारता जगभर ठरलेल्या आहेत. सेट दणकट, पाण्याला टिकणारा, अंगावर जहाजाचे नाव कोरलेले. घेणाऱ्याला तो समुद्रावरचाच वाटतो, आणि तसा तो असतोही. पण तो जहाजाच्या आतल्या बोलण्याचा आहे, जहाजाबाहेरच्या मदतीचा नाही. हा फरक प्रत्येक तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, ठाऊक असायला हवा.

ओळखीचा पहिला आणि सर्वात भरवशाचा पुरावा म्हणजे बॅटरी काढल्यावर पाठीमागे दिसणारी छापील पट्टी, म्हणजे लेबल. तिच्यावर मॉडेल, अनुक्रमांक आणि अनेकदा पट्टाच छापलेला असतो. बाहेरच्या अंगावरचे नाव पुरेसे नाही, कारण एकाच नावाचा सेट दोन-तीन पट्ट्यांत निघतो. केनवूडच्या हातातल्या सेटमध्ये टीके-२००० आणि टीके-२२०७ सारखी २ ने सुरू होणारी मॉडेल व्हीएचएफ, तर टीके-३२०७ सारखी ३ ने सुरू होणारी यूएचएफ. आयकॉमचे आयसी-एफ३००३ व्हीएचएफ आणि आयसी-एफ४००३ यूएचएफ. आयसी-एम ही मालिका सागरी, तर आयसी-ए विमानांशी बोलण्याची. मोटोरोलाच्या जीपी३२८ सारख्या जुन्या सेटवर लांबलचक मॉडेल क्रमांक असतो. त्यात पहिल्या दोन आकड्यांनंतरचे अक्षर पाहावे: के असेल तर १३६ ते १७४, आर असेल तर ४०३ ते ४७०, एस असेल तर ४५० पासून वर. एकाच अक्षराचा फरक, पण आर आणि एस यांच्यात वरची ४५० ते ४७० एवढीच जागा सामाईक आहे. उदाहरणार्थ, ४४६ मेगाहर्ट्झवर चालवण्यासाठी घेतलेला एस सेट तिथे लागणारच नाही.

कोकणात ही पट्टी वाचायला मिळणे हीच अडचण असते. खाऱ्या हवेने बॅटरीच्या कप्प्यातल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढतो, तो पसरत कागदावर येतो आणि नेमके शेवटचे आकडे खातो. नखाने किंवा चाकूने खरवडू नये, छपाईच निघून येते. मऊ कापड किंचित ओले करून टिपावे, मग टॉर्च आडवा धरून तिरक्या उजेडात वाचावे. दाबून छापलेले आकडे सावलीमुळे उठून दिसतात. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहिला तर आणखी सोपे जाते.

अमेरिकेत विक्रीची मान्यता मिळालेल्या सेटवर एफसीसी आयडी, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाचा मान्यता क्रमांक, असतो. एबीझेड ही सुरुवात मोटोरोलाची, एएलएच केनवूडची, एएफजे आयकॉमची. हा आयडी एफसीसीच्या खुल्या नोंदींत शोधला की मंजूर वारंवारता आणि शक्ती कळते. मात्र ती मंजुरी तिथल्या नियमांपुरती असते. सर्किटचा खरा पट्टा त्याहून रुंद असू शकतो.

अँटेनावरून अंदाज बांधणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चा मार्ग. व्हीएचएफची लहर सुमारे दोन मीटरची आणि यूएचएफची पाऊण मीटरच्या आत, म्हणून व्हीएचएफची अँटेना साधारण लांब आणि यूएचएफची आखूड असते. पण जुन्या सेटची अँटेना कुणी कधी बदलली याचा पत्ता नसतो, आणि स्क्रूचा आटा जुळला म्हणजे पट्टा जुळला असे नाही.

पट्टी गेलेली असेल तर त्या मॉडेलची केबल आणि सॉफ्टवेअर वापरून सेटमधली माहिती संगणकावर वाचावी. आधी फक्त वाचायचे आणि मिळालेली फाइल जपून ठेवायची. काहीही लिहिण्याची घाई करू नये. मॉडेल, पट्टा आणि भरलेली चॅनेल एकत्र समोर येतात. वारंवारता मोजणाऱ्या यंत्राने सेटचे प्रक्षेपण मोजताही येते, पण त्यातून त्या क्षणी लावलेले चॅनेलच कळते, पूर्ण पट्टा नाही. हे मोजमाप अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे प्रक्षेपण बाहेर न सोडता शक्ती जिरवणारा भार, लावूनच करावे. काहीच न लावता बटण दाबले तर शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. अँटेना लावून दाबले तर दुसऱ्याच्या, कदाचित पोलिसांच्या किंवा बंदराच्या, चॅनेलवर आपण घुसलेले असतो.

जमिनीवरचा व्हीएचएफ सेट १५६.८०० वर लावता येतो, म्हणून तो सागरी सेटची जागा घेतो असे मानले जाते. ते योग्य नाही. जमिनीवरचे सेट आता बहुधा १२.५ किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनेलवर चालतात, सागरी चॅनेल २५ किलोहर्ट्झची असतात. अरुंद लावलेल्या सेटचा आवाज समोरच्याला बारीक ऐकू जातो. काही सागरी चॅनेलवर बोलण्याची आणि ऐकण्याची वारंवारता ४.६ मेगाहर्ट्झने वेगळी असते, तेही हाताने भरावे लागते. शिवाय पाण्यात पडला की बहुतेक सेटचा खेळ तिथेच संपतो.

दोन्ही पट्ट्यांच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. उघड्या समुद्रावर दोन बोटींत हातातले सेट काही किलोमीटर पोचतात, पण जांभ्याच्या सड्याआड किंवा खाडीच्या वळणात तेच सेट मुके होतात. गप्प सेट दिसला की पट्टा चुकला असे लगेच ठरवू नये. आधी मोकळ्या जागेवर, उंचावर जाऊन पाहावे.

भारतात असे सेट बाळगायला आणि वापरायला साधारणपणे परवाना लागतो. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून ही चौकट आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरच्या कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त सेटना २०१८ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली. ४०३ ते ४७० चा जुना व्यावसायिक सेट ४४६ वर लावला म्हणून तो या सवलतीत येत नाही, कारण त्याची शक्ती आणि मान्यता वेगळी असते. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार वारंवारता पट्टा, मान्यता आणि परवान्याची गरज जाहिरातीतच सांगावी लागते. बंदरावर हातोहात होणाऱ्या व्यवहारात हे कुणी सांगत नाही. म्हणून पैसे देण्याआधी बॅटरी काढून पट्टी पाहावी, आणि विकणारा ती काढू देत नसेल तर सेट घेऊ नये.