पडद्यावरचे गाव आणि माहितीची पारख

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस हातात यायचे आणि काही दिवसांत टक्कल पडायचे. नमुने प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच कारणे गावोगाव पोहोचली होती. कोणी खारट पाण्याला दोष दिला, कोणी बुरशीला, कोणी शाम्पूला. विषाणूचा पुरावा कोणाकडेही नसताना या प्रकाराला ‘टक्कल व्हायरस’ असे नावही पडून गेले. पुढे पाण्याचे आणि त्वचेचे नमुने तपासले गेले, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक येऊन गेले आणि फेब्रुवारीत डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतः केलेल्या तपासणीच्या आधारे रेशनच्या गव्हातील जास्तीच्या सेलेनियम या मूलद्रव्याकडे लक्ष वेधले. विहीर आणि शाम्पू यांच्या चर्चेत ताटातली पोळी सुरुवातीला फारशी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती.

मी गावातले वाचनालय सांभाळतो आणि आठवड्यातून दोन दिवस शाळेच्या संगणक खोलीत मुलांबरोबर बसतो. त्या दिवसांत मुले मला विचारत, ‘सर, खरं काय हाय?’ या प्रश्नाला त्या घटकेला उत्तर नव्हते, पण उत्तर नसताना काय करायचे याची एक रीत आहे आणि ती शिकवता येते. तिला माहिती साक्षरता म्हणतात. हा शब्दप्रयोग पॉल झुरकोवस्की यांनी १९७४ साली अमेरिकेत केला आणि १९८९ मध्ये तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या समितीने त्याची जी व्याख्या दिली ती आजही चालते: माहितीची गरज आहे हे ओळखता येणे, ती शोधता येणे, तिची पारख करता येणे आणि तिचा नीट उपयोग करता येणे. यातले शोधणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. घोडे पेंड खाते ते पारखण्यापाशी.

पारख व्याख्यानाने येत नाही, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. ‘आलेला मेसेज पुढे पाठवू नका’ हे वाक्य मुलांना पाढ्यासारखे पाठ असते आणि संध्याकाळी तीच मुले तो मेसेज पुढे पाठवतात. पोहण्याचे नियम फळ्यावर लिहून कोणी पोहायला शिकत नाही, उतरावे लागते. पण खऱ्या अफवेच्या पाण्यात मुलाला ढकलणे परवडणारे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारले, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. चूक करून शिकण्याची किंमत इतकी मोठी असेल, तर जिथे चूक स्वस्त पडते अशी जागा शोधावी लागते. पडद्यावरचे आभासी जग ही तशी जागा आहे.

आभासी जग म्हणजे डोळ्यांवर चढवायचा महागडा चष्मा, असा समज करून घेण्याचे कारण नाही. संगणकाच्या साध्या पडद्यावर दिसणारे गाव, त्यात हिंडणारा आपला अवतार, म्हणजे आपण चालवतो ते पडद्यावरचे पात्र, त्याच वेळी त्याच गावात हिंडणारे इतरांचे अवतार आणि आपण केलेला बदल सगळ्यांना दिसणे, एवढे असले की पुरे. या जगांचा शिक्षणासाठी उपयोग करण्याच्या प्रयत्नांना आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हायव्हिल’ या मुलांच्या आभासी गावात २००२ साली एक साथ सोडण्यात आली: अवतारांच्या चेहऱ्यावर लाल पुटकुळ्या उठायच्या आणि गप्पा मारताना मधेच शिंक येऊन वाक्य तुटायचे. साथ कशी पसरते याविषयी मुलांनी तर्क लढवले, एकमेकांचे तर्क खोडले, आणि हे सगळे नोंदीत राहिल्यामुळे संशोधकांना मुलांचा विचार कसा सरकतो हे पाहता आले.

त्याहून मुद्दाम रचलेला प्रयोग हार्वर्ड विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातील संशोधकांचा. त्यांच्या ‘रिव्हर सिटी’ या एकोणिसाव्या शतकातल्या आभासी शहरात माणसे आजारी पडत होती. एक आजार पाण्यातून येत होता, एक कीटकांमुळे आणि एक माणसाकडून माणसाला होत होता, परंतु तिन्ही एकाच वेळी चालू असल्याने लक्षणांची सरमिसळ झालेली होती. मुलांनी तीन-चारच्या गटाने रहिवाशांना विचारायचे, रुग्णालयातल्या नोंदी वाचायच्या, पाण्याचे नमुने तपासायचे, आपला तर्क मांडून तो शहरात बदल करून तपासायचा आणि शेवटी महापौरांना पत्र लिहायचे. शेगाव तालुक्यातल्या त्या जानेवारीत मला या शहराची सतत आठवण येत होती. तिथेही प्रत्येक रहिवासी काहीतरी सांगतो, बहुतेकांचे सांगणे प्रामाणिक असते, आणि तरीही ते अपुरे असते.

ग्रंथपालांनीही हा रस्ता चोखाळून पाहिला. लिंडन लॅब या कंपनीच्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात २००६ साली इलिनॉय राज्यातील ग्रंथालयांच्या एका संघाने ‘इन्फो आयलंड’ नावाचे बेट वसवले आणि स्वयंसेवक ग्रंथपाल आपापल्या घरून अवताराच्या रूपाने तिथल्या संदर्भ टेबलावर बसू लागले. त्या लाटेत उभ्या राहिलेल्या पुष्कळ आभासी वर्गांत मात्र खुर्च्या मांडल्या होत्या, फळा टांगला होता आणि समोर कोणीतरी व्याख्यान देत होते. उडता येणाऱ्या जगात जाऊन मुलांना पुन्हा बाकावरच बसवायचे असेल, तर गावची शाळा काय वाईट आहे? २०२० मध्ये ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने ‘माइनक्राफ्ट’ या खेळात उभारलेले ग्रंथालय मला त्या मानाने अस्सल वाटते. ज्या लेखांवर निरनिराळ्या देशांत बंदी आहे ते लेख तिथे खेळातल्या पुस्तकांच्या रूपाने ठेवले आहेत. माहिती कोणापर्यंत पोहोचू दिली जाते आणि कोणापर्यंत नाही, हे तिथे फडताळापाशी उभे राहून कळते.

आमच्या संगणक खोलीत आठ जुने संगणक आहेत, इंटरनेट मनाला येईल तेव्हा येते आणि वीज भारनियमनाच्या वेळापत्रकाने जाते. त्यामुळे निवड करायला फारसा वाव नव्हता. पेर्त्तू अहोला या फिनलंडच्या प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेले ‘माइनटेस्ट’ हे ठोकळ्यांचे आभासी जग रचण्याचे मुक्त सॉफ्टवेअर, ज्याचे नाव २०२४ पासून ‘लुआंटी’ झाले आहे, फुकट मिळते, जुन्या संगणकावर चालते आणि एका संगणकाला सर्व्हर करून बाकीचे तारेने जोडले की इंटरनेटवाचून काम भागते. त्यात आम्ही ठोकळ्यांचे एक गाव बांधले. पार आहे, ग्रामपंचायतीचा फलक आहे, कृषी केंद्र आहे आणि गावाबाहेर पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, शेत आहे.

प्रश्नही शेतातलाच घेतला: बोंडअळीसाठी आज फवारणी करायची की नाही? विदर्भात हा पुस्तकी प्रश्न नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने इकडची कपाशी पोखरली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. ज्या घरात हे डबे कोनाड्यात ठेवलेले असतात त्या घरातल्या मुलांपैकी किती जणांना त्रिकोणाचा अर्थ माहीत आहे, हे कोणीही आपल्या गावात विचारून पाहावे.

आमच्या या पडद्यावरच्या गावात मुलाला पाच ठिकाणी माहिती मिळते. कृषी केंद्राचा दुकानदार म्हणतो, पंधरा दिवसांला एक फवारा मारायचाच. मोबाइलवर ‘विद्यापीठाचा तातडीचा इशारा’ असा संदेश येतो, त्यावर अनेकदा पुढे पाठवल्याची दुहेरी बाणाची खूण आहे आणि तारीख कुठेच नाही. शेजारचा शेतकरी आपल्या शेतातली डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेले गुलाबकळीसारखे फूल, तोडून हातात देतो. ते खरेच असते, फक्त त्याची लागवड मे महिन्यातली आहे आणि मुलाची जून अखेरची. ग्रामपंचायतीच्या फलकावर एक पत्रक आहे, त्यात लिहिले आहे की कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग सापडले, किंवा शंभरातली दहा फुले वा हिरवी बोंडे किडलेली दिसली, तर फवारणीचा विचार करावा. हा आकडा आम्ही मनचा घातलेला नाही. कपाशीसाठी आर्थिक नुकसानीची पातळी म्हणून हीच मर्यादा सांगितली जाते. आणि पाचवे ठिकाण म्हणजे शेतात उभा असलेला सापळा. त्यातले पतंग मोजायचे असतील तर मुलाला खेळातल्या तीन रात्री थांबावे लागते.

कोणी कोणाला काय विचारले याची नोंद सर्व्हरच्या फाइलमध्ये आपोआप राहते आणि माझ्या मते आभासी जगाची खरी किंमत या नोंदीत आहे. खऱ्या गावात ‘तुला हे कोणी सांगितले?’ असे विचारले की मूल ‘सगळेच म्हणतात’ असे उत्तर देते. इथे नोंद उघडून दाखवता येते की ‘सगळे’ म्हणजे एक दुकानदार आणि एक मेसेज. पहिल्या तुकडीतल्या बहुतेक मुलांनी दुकानात विचारले आणि लगेच फवारले. दुकान सुरुवातीच्या जागेपासून दहा पावलांवर होते, हे माझ्या नंतर लक्षात आले. पुढच्या तुकडीच्या वेळी मी दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला नेले आणि फलक जवळ आणला, तेव्हा बऱ्याच जणांनी आधी पत्रक वाचले. दोन तुकड्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण माणूस खरी माहिती निवडण्याआधी जवळची माहिती निवडतो, एवढी शंका घ्यायला जागा आहे. खऱ्या गावात कृषी केंद्र बसस्टँडवर असते आणि कृषी विद्यापीठ अकोल्याला.

नोंद वाचण्याच्या तासाला सातवीतली एक मुलगी आपल्याच गटावर उखडली. मेसेज खरा धरणाऱ्या मुलाला ती म्हणाली, ‘अरे, थ्यानं सोता पाह्यलं का? का थोही आयकूनच सांगून राह्यला?’ स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना संकेतस्थळांची पारख करायला लावली, तेव्हा जे आढळले ते हिच्या प्रश्नापासून दूर नाही. अभ्यासक आणि विद्यार्थी बहुतेक त्याच पानावर खाली-वर वाचत बसले आणि देखण्या मांडणीला भुलले. तपासनीस मात्र पान अर्धवट सोडून, हे लिहिणारा कोण, याची चौकशी इतरत्र करायला निघून गेले. या रीतीला आडवे वाचन म्हणता येईल. सोयरीक जुळवताना आपल्याकडे हेच करतात: स्थळाकडच्यांचे बोलणे ऐकून घेतात आणि चौकशी शेजारच्या गावात करतात.

एका तुकडीत मी भूमिका उलटवली. दोघांनी गुपचूप अफवा पसरवायची आणि बाकीच्यांनी ती कुठून निघाली हे शोधायचे. यामागे विल्यम मॅकग्वायर यांची १९६० च्या दशकातली कल्पना आहे, की रोगाची सौम्य मात्रा टोचून जशी प्रतिकारशक्ती येते, तसे फसवणुकीच्या युक्त्या थोड्या प्रमाणात अनुभवल्या की माणूस पुढे सावध राहतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘बॅड न्यूज’ हा खेळ याच तत्त्वावर काढला. आमच्या दोन अफवाखोरांनी तासाभरात न शिकवता शोध लावला की ‘कृषी अधिकारी म्हणाले’ एवढे शब्द जोडले की काम सोपे होते.

या रीतीत खोटही आहे. काही मुले नंतर कशावरच विश्वास ठेवीनाशी झाली. पत्रकही खोटे, सापळाही खोटा. आंधळ्या विश्वासाची जागा आंधळ्या संशयाने घेतली तर कमावले काय? म्हणून हल्ली गावात दोन वेळा अफवा आणि दोन वेळा खरी सूचना ठेवतो आणि खरी सूचना नाकारणाऱ्याचेही पीक जाते. दुसरी अडचण अशी की खेळात आलेले शहाणपण खेळाबाहेर येईलच याची हमी नसते. तिसरी अडचण घरातली आहे. आमच्या भागात अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशीचे पावसापाण्याचे भाकीत घरोघरी ऐकले जाते. तिची थट्टा करून धडा सुरू केला तर मूल आजोबांची बाजू घेऊन गप्प बसते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. आम्ही भाकीत ऐकले त्याच दिवशी वहीत उतरवून घेतले, हवामान खात्याचा अंदाजही शेजारी लिहिला, आणि शाळेच्या पर्जन्यमापकाचे आकडे पावसाळाभर खाली लिहीत गेलो.

या वहीला आता रकाने वाढले आहेत. पहिल्यात ऐकलेली गोष्ट, दुसऱ्यात ‘कोणी सांगितले’ आणि तिसऱ्यात ‘त्याला कोणी सांगितले’. ऑगस्टमध्ये एका मुलाने फवारणीच्या नोंदीसमोर दुसऱ्या रकान्यात ‘बाबा’ असे लिहिले आणि तिसरा कोरा ठेवला. पुढच्या आठवड्यात तो रकाना भरलेला होता: ‘दुकानवाला’. त्याखाली पेन्सिलने त्याने तीन आकडे लिहिले होते, चार, सहा, पाच, आणि समोर ‘आमच्या वावरातला सापळा, मी मोजले’.