सीरममधलं नायट्रिक ऑक्साइड मोजायला पाठवण्याआधी

सेप्टिक शॉकवर, म्हणजे जंतुसंसर्गात बीपी कोसळण्याच्या अवस्थेवर, थेसिस करणारे निवासी डॉक्टर आणि पीएचडीचे विद्यार्थी आमच्या प्रयोगशाळेकडे सीरम पाठवतात. फॉर्मवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ‘फक्त नायट्राइट’, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडपासून बनणाऱ्या नायट्राइट आणि नायट्रेट यांपैकी एकच मोजा. रिपोर्ट गेला की फोन येतो : पेशंट आणि कंट्रोल (तुलनेसाठी घेतलेली निरोगी माणसं) यांच्यात फरकच दिसत नाही, किट खराब आहे का?

किट ठीक असतं. एंडोटॉक्सिन हे जंतूंचं विष आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ ही दाह वाढवणारी प्रथिनं यांनी चेतवलेल्या पेशी आयनॉस हे एन्झाइम तयार करतात, ते तासन्‌तास नायट्रिक ऑक्साइड बनवत राहतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि नॉरॲड्रेनलिन हे बीपी चढवणारं औषध वाढवूनही ते सावरत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण तांबड्या पेशींतल्या ऑक्सिहिमोग्लोबिनशी गाठ पडली की क्षणात या नायट्रिक ऑक्साइडचं नायट्रेट होतं. मोजणीसाठी वापरतात ती रसायनशास्त्रज्ञ पेटर ग्रीस यांची १८७९ची गुलाबी रंग देणारी रासायनिक क्रिया ओळखते फक्त नायट्राइट. म्हणजे तुम्हाला हवं असलेलं बहुतेक सगळं नायट्रेटच्या रूपात समोर असतं, पण गुलाबी रंग येत नाही. आधी रिडक्टेज हे एन्झाइम वापरून नायट्रेटचं नायट्राइट करायचं आणि मगच ५४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंगाचं वाचन घ्यायचं.

घोळाचं मूळ बहुधा मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) कल्चरच्या, म्हणजे त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून केलेल्या, प्रयोगांच्या पेपरांत असतं. त्या माध्यमात तांबड्या पेशी नसतात, नायट्राइट साठत जातं आणि तेवढं मोजून भागतं. तीच पद्धत जशीच्या तशी सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थेसिसच्या आराखड्यात, उतरते.

म्हणून सीरमसाठी आम्ही रिडक्टेजची पायरी वगळत नाही. दर त्यामुळे चढा आहे, मान्य. पण सगळी सँपल दुसऱ्यांदा चालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, आणि वापरून संपलेलं सीरम तर पैसे देऊनही मिळत नाही.

रक्त लाल झाकणाच्या साध्या ट्यूबमध्येच घ्या. ईडीटीएमुळे रंग दबतो, हेपरिनमुळे मिश्रण गढूळ होतं. हिमोलाइज झालेलं, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेलं, सँपल आम्ही परत पाठवतो. राग मानू नका. प्रथिनं काढायचे फिल्टर आम्ही आधी धुऊन घेतो, कारण कोऱ्या फिल्टरमध्येही नायट्रेट सापडतं.

कंट्रोल म्हणून वॉर्डातले सहकारी घेणार असाल तर त्यांना आदल्या दिवशी नायट्रेट भरपूर असलेलं पालक-बीट बंद आणि सकाळी उपाशीपोटी रक्त. नाहीतर धडधाकट माणसाचा आकडा आयसीयूतल्या पेशंटच्या वर जातो! नायट्रोग्लिसरीनची ड्रिप चालू असेल तर फॉर्मवर लिहा, त्यातूनही नायट्रिक ऑक्साइड बनतं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिॲटिनिन तर हवंच : नायट्रेट मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड मंदावलं की उत्पादन न वाढताही आकडा फुगतो.

हा आकडा संशोधनासाठी आहे, उपचार ठरवण्यासाठी नाही. नायट्रिक ऑक्साइड सरसकट रोखणाऱ्या औषधाची ७९७ पेशंटवरची चाचणी मधेच थांबवावी लागली होती. २००४ साली ती छापून आली तेव्हा औषध घेतलेल्या गटात ५९ टक्के मृत्यू होते, न घेतलेल्यांत ४९.

सिनॉप्सिस मंजुरीला जाण्याआधी एकदा फोन करा. पद्धतीचा परिच्छेद आम्ही विनामूल्य तपासून देतो, ट्यूब आणि लेबलंही आमच्याकडूनच येतात.