काढ्याने दाह शमला, की पेशीच मेल्या?

ह्वांगन्योन-हेदोक-तांग हा कोरियन वैद्यकातला जुना काढा. मूळ चिनी. कॉप्टिसचे मूळ, स्कुटेलारियाचे मूळ, फेलोडेंड्रॉनची साल आणि गार्डेनियाचे फळ ही चार द्रव्ये त्यात उकळतात. त्यातले पिवळे, कडू बर्बेरिन आपल्या दारुहळदीतही असते.

त्याचा दाहशामक गुण तपासायला बहुधा उंदराच्या ‘रॉ २६४.७’ या महाभक्षी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशी घेतात. आधी पेशींना काढ्याचा अर्क देतात आणि तासाभराने जिवाणूंच्या आवरणातले एलपीएस. पेशींनी ते ओळखताच एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरते, आयनॉस हे विकर तयार होते आणि दाहाची खूण असलेला नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडू लागतो. हा वायू टिकत नाही, म्हणून साधारण २४ तासांनी त्यापासून झालेले नायट्राइट मोजतात: १०० मायक्रोलिटर द्रवात तेवढेच ग्रीस अभिकर्मक घालायचे, १० मिनिटे थांबायचे आणि ५४० नॅनोमीटरला गुलाबी रंग मोजायचा.

रंग फिका पडला म्हणजे दाह शमला, असे लगेच धरू नये. मेलेली पेशीही नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही. म्हणून सोबत एमटीटी चाचणी करतात: जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रसायनाला जांभळे करतात. पण वनस्पतींतली पॉलिफेनॉल द्रव्ये पेशींशिवायही एमटीटीला जांभळे करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. त्यासाठी एमटीटी घालण्याआधी अर्क धुऊन काढायला हवा, आणि नुसता अर्क घातलेला, पेशी नसलेला प्लेटमधला एक खळगाही ठेवायला हवा. अर्काचा स्वतःचा रंग किती, हेही अशाच खळग्यातून कळते.

याहून फसवी अडचण मातीतून येते. मुळांवरच्या जिवाणूंचे एलपीएस काढा उकळूनही नष्ट होत नाही. काचेच्या भांड्यांवरचे घालवायला २५० अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. असा अर्क एकटाच पेशींना चेतवतो. एलपीएसला चिकटून ते निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन-बी हे प्रतिजैविक घातल्यावर हे चेतवणे थांबले, तर दोषी एलपीएसच.

एवढे सांभाळूनही निष्कर्ष त्या प्लेटपुरताच राहतो. माणसाच्या महाभक्षी पेशी अशा प्रयोगांत नायट्रिक ऑक्साइड फारच कमी बनवतात. पोटात घेतलेल्या बर्बेरिनचा तर एक टक्काही मूळ रूपात रक्तात पोचत नाही, आणि स्कुटेलारियातल्या बैकॅलिनची साखर आतड्यातले जिवाणू आधीच तोडतात. पेशींवर थेट ओतलेला अर्क या वाटेने गेलेलाच नसतो. उलट बर्बेरिन यकृतातल्या विकरांना अडवून प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात त्या सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी वाढवते. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाने असा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गार्डेनिया असलेले काढे वर्षानुवर्षे घेतलेल्या जपानी रुग्णांत मोठ्या आतड्याच्या शिरांमध्ये कॅल्शियम साचल्याच्याही नोंदी आहेत.