वाहनांच्या वेगापासून माणसांच्या पोहोचीपर्यंत

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाहतूक नियोजन म्हणजे मुख्यतः गाड्यांची मोजदाद. तासाला किती वाहने गेली, कोंडी कुठे झाली, वेग किती वाढला, यावर निधी ठरे. ज्याच्याकडे गाडीच नाही, तो या मोजणीत येतच नसे. १९५९ मध्ये अमेरिकी नियोजन-अभ्यासक वॉल्टर हॅन्सन यांनी वेगळे माप सुचवले: एखाद्या ठिकाणाहून नोकरीसारख्या किती संधी किती प्रवासात गाठता येतात? पण ते बराच काळ अभ्यासकांपुरतेच राहिले. ब्रिटनमध्ये रेल्वेच्या पुनर्रचनेवरील १९६३ च्या बीचिंग अहवालाने तर रेल्वेचा तोटा मांडून दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली.

प्रश्नाला राजकीय धार आली ती दंगलीमुळे. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात उसळलेल्या हिंसाचारात ३४ जणांचा जीव गेला. चौकशी आयोगाने कारणे शोधताना अपुऱ्या, महागड्या बससेवेवरही बोट ठेवले. तिच्यामुळे तिथल्या लोकांना काम शोधणे आणि टिकवणेही जड जात होते. १९६८ मध्ये अर्थतज्ज्ञ जॉन केन यांनी शिकागो आणि डेट्रॉइटच्या आकडेवारीवरून पुढचा दुवा जोडला. रोजगार उपनगरांकडे सरकत होते आणि घरे देताना होणाऱ्या वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय कामगारांना त्यांच्यामागे जाता येत नव्हते. या साऱ्या इतिहासात मला हाच मुद्दा कळीचा वाटतो. ते अंतर माणसांनी घेतलेल्या निर्णयांतून तयार झाले होते.

आरोग्याच्या क्षेत्रात १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या संशोधकांनी मातामृत्यूंमागचे तीन विलंब दाखवले. निर्णय घेण्यातला पहिला, दवाखान्यात पोहोचण्यातला दुसरा, उपचार मिळण्यातला तिसरा.

२००३ मध्ये ब्रिटिश सरकारच्याच अहवालात आढळले की वर्षभरात सुमारे १४ लाख लोकांनी प्रवासाच्या अडचणींमुळे उपचार चुकवले, नाकारले किंवा मागितलेच नाहीत. त्यानंतर तिथल्या स्थानिक यंत्रणांच्या वाहतूक आराखड्यांत नोकरी, शाळा आणि दवाखान्यापर्यंतची पोहोच तपासली जाऊ लागली.

उपाय दरवेळी खर्चिकच असतो असे नाही. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. नंतरच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, आणि शाळा लांब असलेल्या गावांत परिणाम अधिक होता.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत आज ग्रामीण पोहोच मोजली जाते ती बारमाही रस्त्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या प्रमाणावरून. हे माप आवश्यक आहे, पण अपुरे. त्या रस्त्यावर बस धावते का, भाडे परवडते का, रात्री बाळंतपणाला गाडी मिळते का, हे त्यातून कळत नाही.