पाळी गेल्यानंतरचं इस्ट्रोजेन : गोळी, जेल, पॅच की क्रीम?

आमच्या औषध दुकानाच्या ग्राहक भगिनींसाठी

अंगातून वाफा येणं, रात्री घामानं उशी भिजणं, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, हे काय असतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. डॉक्टरांनी इस्ट्रोजेन (पाळी गेल्यावर शरीरात कमी पडणारं बायकांचं हार्मोन) लिहून दिलेलं असतं आणि आमच्याकडे प्रश्न येतो तो असा : "शेजारच्या ताई जेल लावतात, मला गोळीच का? बदलून द्या की." काउंटरवर बदलून देता येत नाही. का, ते इथे एकदा नीट लिहून ठेवतो.

गोळी सोयीची असते आणि लक्षातही राहते. पण पोटातून ती आधी यकृतात जाते, आणि तिथे रक्त गोठवणारे घटक थोडे वाढतात. त्यामुळे पायात किंवा फुप्फुसात गुठळी होण्याची शक्यता काहीशी वाढते. जेल आणि पॅचमधलं (कातडीला चिकटवायच्या पट्टीतलं) इस्ट्रोजेन कातडीतून सरळ रक्तात उतरतं, यकृताचा फेरा टळतो. नेहमीच्या मात्रेत गुठळीचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. म्हणून वजन जास्त असेल, बीपी असेल किंवा घरात कुणाला गुठळी झाली असेल, तर डॉक्टर बहुधा जेलकडे वळतात. विडी ओढत असाल किंवा मिश्री लावत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा. सासूबाई सोबत असल्या की हे सांगायचं राहून जातं, याची आम्हाला कल्पना आहे.

योनिमार्गात लावायची क्रीम हा वेगळाच प्रकार. कोरडेपणा, जळजळ, संबंधाच्या वेळचं दुखणं, वारंवार होणारा लघवीचा संसर्ग, एवढ्यासाठीच ती असते. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ती फार थोडी जाते, म्हणून अंगातल्या वाफा तिनं थांबत नाहीत. "महिनाभर क्रीम लावली, घाम तसाच" अशी तक्रार आली की दोष औषधाचा नसतो. खाजेची क्रीम म्हणूनही ती वापरू नका.

आता मुख्य गोष्ट : दुसरं औषध

इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं. पिशवी शाबूत असेल तर त्या अस्तराला आवर घालायला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतं. ते नसेल तर अस्तर जाड होत जातं आणि पुढे पिशवीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अमेरिकेत बायकांना पूर्वी नुसतं इस्ट्रोजेन देत असत. 1975 मध्ये हा धोका समोर आला आणि तेव्हापासून ही जोडी ठरली. पिशवी काढलेली असेल तर सहसा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. मात्र ऑपरेशनमध्ये पिशवीचं तोंड ठेवलं असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

घोळ होतो तो गोळीवरून जेलवर जाताना. "जेल वरून लावायचं, आत कुठे जातंय, मग रात्रीची कॅप्सूल कशाला?" असं म्हणून प्रोजेस्टेरॉन बंद केलं जातं. जेल वरून लावलं तरी औषध रक्तातच जातं आणि अस्तरापर्यंत पोचतं. पॅचचंही तसंच. गोळी बदलली तरी जोडीचं औषध राहतं. ते रात्री घ्यायला सांगतात कारण त्यानं झोप येते. दिवसा घेऊन "चक्कर येते" म्हणून सोडू नका. ज्यांच्या पिशवीत हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवलेली आहे, त्यांचं जोडीचं औषध तेच असू शकतं, पण हे डॉक्टरांनी म्हटलेलं असलं पाहिजे. कमी मात्रेच्या क्रीमसोबत मात्र सहसा दुसरी गोळी लागत नाही.

म्हणून चिठ्ठीवर नुसतं इस्ट्रोजेन दिसलं की आम्ही विचारतो, "पिशवी आहे की काढली?" काहींना हे चोंबडेपणाचं वाटतं. त्यातून औषध न्यायला कॉलेजातला मुलगा आलेला असतो. त्याला विचारलं की तो मोबाइलमध्ये डोकं घालतो, मग आईला फोन, आई उचलत नाही, मागे रांग वाढते. मोहोळ-अक्कलकोटहून आलेल्यांचा तर हेलपाटाच होतो. यावर उपाय सोपा आहे : डॉक्टरांकडूनच चिठ्ठीवर "पिशवी आहे" किंवा "पिशवी काढली" असं लिहून घ्या. आम्ही ते तुमच्या औषधाच्या कार्डावर नोंदवतो आणि पुन्हा कुणाला विचारत नाही. कार्ड फुकट आहे. औषध बंद पाकिटात मिळतं, आणि दुपारच्या वेळी काउंटरवर आमच्या फार्मासिस्ट ताई असतात. त्या तेलुगू आणि कन्नडमध्येही समजावून सांगतात.

चिठ्ठीशिवाय मात्र देणार नाही, ओळखीतही नाही. कुटुंबनियोजनाच्या गोळीत इस्ट्रोजेन असतंच म्हणून तीच चालेल, असंही नाही. त्यातलं इस्ट्रोजेन वेगळं आणि बरंच जोरदार असतं.

"यानं स्तनाचा कर्करोग होतो ना?" हाही नेहमीचा प्रश्न. 2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. पिशवी काढलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं आणि औषध गोळीच्या रूपात होतं. पन्नाशीच्या आत सुरू करणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो. तो डॉक्टरांशी बसून करावा. स्तनाचा कर्करोग, गुठळी, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा यकृताचा आजार होऊन गेला असेल, तर आधी तेच सांगा.

सोलापूरच्या उन्हात

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. औषध गाडीच्या डिकीत ठेवून बाजारहाट करू नका. पॅच बेंबीखाली किंवा कुल्ल्यावर, कोरड्या कातडीवर लावायचा. तेल-पावडर नको आणि परकराची नाडी घासते तिथे तर नकोच. स्तनावर कधीही नको. काढलेला पॅच चिकट बाजू आत करून दुमडून टाका, त्यात औषध उरलेलं असतं. जेल दंडावर किंवा मांडीवर पसरा, चोळत बसायची गरज नाही. वाळेपर्यंत कपडा लावू नका, हात धुवा आणि नातवंडाला लगेच कडेवर घेऊ नका. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून देवापुढच्या दिव्यापासून आणि गॅसपासून लांब राहा.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर अंगावरून थोडंही लाल गेलं, तर पुढचं पाकीट न्यायला येण्याआधी डॉक्टरांकडे जा.

पॅच आम्ही मागणीनुसार मागवतो. शेवटचे दोन राहिले की फोन करा.